सरकती अक्षरे फिसकटतात कुठे?

टीव्ही, संगणक आणि मोबाइल यांच्या पडद्यांवर हलती दृश्ये अस्पष्ट का दिसतात, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (सातारा) : आम्ही नुकताच ४३ इंचांचा एलईडी टीव्ही घेतला. खोक्यावर ‘रिस्पॉन्स टाइम १ मिलिसेकंद’ असे छापलेले आहे. तरीही बातम्यांच्या वाहिनीवर खाली सरकणारी पट्टी वाचताना अक्षरे फिसकटल्यासारखी दिसतात. आमच्या जुन्या, मागून फुगीर असलेल्या टीव्हीवर हीच पट्टी स्वच्छ वाचता येत असे. नवा संच सदोष आहे का?

उत्तर : संच सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. आपल्याला जे दिसते ते खरे आहे, मात्र ते पडद्यावर घडत नसून आपल्या डोळ्यात घडते.

कागदावर रबरी शिक्का टेकवलेला असतानाच कुणी कागद ओढला, तर ठसा फिसकटतो. शिक्का चांगला असतो, शाईही चांगली असते. पण शिक्का जितका वेळ टेकलेला राहिला तितका वेळ कागद सरकत राहिला, एवढेच घडलेले असते. आजचे एलसीडी (आपला एलईडी टीव्ही हाही मागे एलईडी दिवे असलेला एलसीडीच) आणि ओएलईडी पडदे असेच ‘टेकवून धरणारे’ आहेत. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या, पडद्यावर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी स्थिर उजळलेले राहते आणि नंतर एकदम पुढच्या जागी उमटते. आपला डोळा मात्र असा टप्प्याटप्प्याने चालत नाही. सरकत्या शब्दाचा माग काढताना तो अखंड, एकसारख्या वेगाने फिरतो. त्यामुळे पडद्यावरचे अक्षर त्या १६.७ मिलिसेकंदांत स्थिर असले, तरी दृष्टिपटलावर ते तेवढा वेळ मागे घसरत राहते, आणि ही घसरण सेकंदाला साठ वेळा होत असल्याने आपल्याला ती वेगळी न जाणवता अक्षराची कड पसरल्यासारखी दिसते.

किती पसरते, याचा हिशेब सोपा आहे : सरकण्याचा वेग गुणिले चित्र उजळलेले राहण्याचा काळ. पडद्याची रुंदी १९२० पिक्सेल धरली आणि एखादा शब्द उजवीकडून डावीकडे जायला ८ सेकंद घेत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला २४० पिक्सेल होतो. आपल्याकडील एचडी प्रक्षेपण सेकंदाला ५० क्षेत्रांचे (एका क्षेत्रात चित्राच्या एकाआड एक ओळी) आहे, म्हणजे पट्टी बहुधा दर २० मिलिसेकंदांनी एक पाऊल पुढे टाकते. २४० ला ०.०२ ने गुणले की ४.८ पिक्सेल येतात. पट्टीतील अक्षराच्या कान्याची जाडी साधारण ४-५ पिक्सेल असेल, तर कान्याच्या जाडीइतकाच त्याचा फिसकाटा झाला. हीच वाहिनी आपण इंटरनेटवरील ॲपमधून पाहत असाल आणि तिथे सेकंदाला २५ फ्रेमच येत असतील, तर प्रत्येक चित्र ४० मिलिसेकंद धरले जाते आणि फिसकाटा ९.६ पिक्सेलवर जातो. डिशवरून बरी दिसणारी पट्टी ॲपवर वाचवत नाही, ती यामुळे.

जुन्या नळीच्या टीव्हीवर काय होत असे? तिथे इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फरच्या थरावरून फिरत असे, आणि झोत पुढे गेला की त्या ठिकाणचा प्रकाश साधारण मिलिसेकंदाभरात विझत असे. पुढचे चित्र येईपर्यंत ती जागा काळीच राही. शिक्का झटकन टेकवून उचलला गेल्यामुळे फिसकटायला वेळच मिळत नसे. आपली आठवण अगदी बरोबर आहे. फक्त त्याची किंमत म्हणून तो पडदा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला की थरथरताना दिसत असे, हेही आपल्याला आठवत असेल.

आता खोक्यावरच्या १ मिलिसेकंदाविषयी. तो आकडा पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसऱ्या करड्या छटेत जाण्यास लागणाऱ्या वेळाचा असतो; तोही संपूर्ण बदलाचा नव्हे, तर सामान्यतः १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतच्या बदलाचा, आणि पुष्कळदा सर्वांत जलद छटाबदल निवडून मोजलेला. बदल झाल्यानंतर चित्र किती काळ धरून ठेवले जाते, याविषयी तो काहीच सांगत नाही. ओएलईडी पडद्याचे पिक्सेल मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात बदलतात, तरीही ६० हर्ट्झला त्यावरील सरकता मजकूर फिसकटतोच. पिक्सेल मंद असणे आणि चित्र धरून ठेवणे ही धूसरपणाची दोन निराळी कारणे आहेत, हे जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेतील संशोधकांनी २००० सालाच्या आसपासच एलसीडीच्या बाबतीत स्पष्ट केले होते. असे असताना केवळ पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली लिपीही या प्रश्नात महत्त्वाची आहे. फिसकाटा नेहमी हालचालीच्या दिशेतच होतो. आडव्या पट्टीत शिरोरेषा तिच्या स्वतःच्याच दिशेने पसरते, त्यामुळे ती ठसठशीत राहते. नुकसान होते ते उभ्या रेघांचे, म्हणजे काने, दंड आणि वेलांटीची उभी रेघ यांचे. म्हणून शब्दांच्या सीमा आणि लांबी कळते, पण ‘ख’ आहे की ‘रव’ आहे ते कळत नाही. मोबाइलवर मजकूर वर-खाली सरकवताना नेमके उलटे होते : काने शाबूत राहतात, आणि शिरोरेषा व तिच्यावरील मात्रा व अनुस्वार एकमेकांत मिसळतात. पट्टीसाठी टंक निवडणाऱ्यांनी कान्याला थोडी अधिक जाडी आणि अक्षरांमध्ये थोडे अधिक अंतर दिले, तर वाचकांचे श्रम खरोखर कमी होतील.

प्रश्न (पुणे, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी) : मी सरकत्या मजकुराचा मोबाइलने फोटो काढला, तेव्हा अक्षरे अगदी रेखीव आली, डोळ्यांना मात्र तीच अक्षरे पुसट दिसत होती. कॅमेऱ्याला दिसत नाही ते मोजायचे कसे? आणि असा मोजलेला आकडा डोळ्याच्या अनुभवाशी जुळतो का?

उत्तर : आपण नकळत एक उत्तम प्रयोग केला आहे. आपला कॅमेरा स्थिर होता आणि पडद्यावरचे चित्रही त्या क्षणी स्थिरच होते, त्यामुळे फोटो रेखीव येणे स्वाभाविक होते. स्थिर कॅमेऱ्याच्या फोटोत मुख्यतः पिक्सेलच्या मंदपणाची खूण सापडते : बदल अपुरा असेल तर आधीच्या चित्राची फिकट सावली शेजारी दिसते. चित्र धरून ठेवल्याने होणारा फिसकाटा पकडायचा असेल, तर कॅमेऱ्यालाही डोळ्यासारखेच चालवावे लागते.

प्रयोगशाळांत म्हणूनच माग काढणारा कॅमेरा वापरतात. तो रुळावर सरकतो किंवा त्याच्यासमोरचा आरसा फिरतो, आणि पडद्यावरच्या सरकत्या कडेशी त्याचा वेग जुळवलेला असतो. काळी बाजू आणि पांढरी बाजू यांच्यातील एक उभी कड सरकवायची, अनेक फ्रेमचा प्रकाश एकत्र नोंदवायचा, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाताना उजळपणा किती अंतरात वाढतो ते पाहायचे. या अंतराला वेगाने भागले की काळ मिळतो. तो काळ वेगावर फारसा अवलंबून राहत नाही, म्हणून पडद्याचा गुणधर्म म्हणून सांगता येतो. निरनिराळ्या छटांच्या जोड्या घेऊन अशा मोजमापांची जी सरासरी काढतात, तिला एमपीआरटी म्हणतात. मराठीत ‘हलत्या चित्राचा प्रतिसादकाळ’ म्हणता येईल. कडेची सुरुवात आणि शेवट नेमका ठरवणे अवघड असल्यामुळे येथेही १० ते ९० टक्के एवढाच भाग मोजतात. पिक्सेल क्षणार्धात बदलणारा एखादा आदर्श पडदा ६० हर्ट्झला चालवला, तर हा भाग १३.३ मिलिसेकंद भरतो, त्याला ०.८ ने भागले की आपल्या ओळखीचे १६.७ परत मिळतात. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना हा भागाकार दोघांनीही केला आहे की नाही, हे पाहणे आवश्यक आहे.

सरकता कॅमेरा नसेल, तर आणखी एक मार्ग आहे. पडद्याच्या एका ठिपक्यासमोर वेगवान प्रकाशसंवेदक ठेवून छटा बदलतानाचा उजळपणा काळानुसार नोंदवायचा आणि त्या आलेखावरून एका फ्रेमच्या रुंदीची सरकती सरासरी फिरवायची. डोळा आदर्शपणे माग काढत असेल, तर दृष्टिपटलावर पडणारी कड गणिताने नेमकी अशीच येते. या रीतीने कॅमेऱ्याच्या हादऱ्यांची चूक टळते. मात्र डोळा अचूक माग काढतो हे गृहीत धरावे लागते, आणि ते सेकंदाला साधारण ३० अंशांपर्यंतच्या वेगालाच बऱ्यापैकी लागू पडते. त्याहून जलद वस्तूमागे डोळा कमी पडू लागतो आणि मग उड्या मारून तिला गाठतो.

पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने २०२२ मध्ये ‘क्लिअरएमआर’ ही श्रेणी आणली, तिची दिशा मला योग्य वाटते. तीत काळाऐवजी स्पष्ट आणि धूसर पिक्सेलांचे गुणोत्तर सांगितले जाते. क्लिअरएमआर ७००० याचा अर्थ स्पष्ट पिक्सेल धूसर पिक्सेलांच्या ६५ ते ७५ पट. शिवाय, पिक्सेलला जास्तीचा विद्युतदाब देऊन बदल घाईने उरकण्याच्या युक्तीतून कडेला जो उलट्या रंगाचा ओघळ दिसतो, त्याकडे दुर्लक्ष करून केवळ काळाचा आकडा मिरवण्याला तिने आळा घातला.

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांत कठीण आहे. मिलिसेकंद म्हणजे अनुभव नव्हे. १७ वरून ८ वर येणे सहज जाणवते, पण २ वरून १ वर येणे बहुतेकांना जाणवत नाही. काळ्यावर पांढरे अक्षर असताना जो फिसकाटा खटकतो, तोच दोन जवळच्या करड्या छटांमध्ये दिसतही नाही. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील अँड्र्यू वॉटसन यांनी २०१० च्या सुमारास यासाठी वेगळा मार्ग मांडला. मोजलेली धूसर कड आणि आदर्श तीक्ष्ण कड यांच्यातील फरक मानवी दृष्टीच्या गणिती प्रतिमानातून तपासायचा आणि तो ‘जेमतेम जाणवेल इतक्या फरकाच्या’ एककात सांगायचा, असा तो मार्ग आहे. उत्तर १ आले तर फरक कसाबसा जाणवतो. १० आले तर तो लपत नाही. एककाचा आधार घड्याळ नसून माणूस आहे, म्हणून हे मोजमाप मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न (रत्नागिरी, माध्यमिक शिक्षक) : विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांना स्वतः हे मोजता येईल का? आमच्याकडे एक संगणक आणि मोबाइल आहे.

उत्तर : अवश्य येईल, आणि त्यातून मुलांना सापेक्ष गतीही समजेल.

‘टेस्ट यूएफओ’ या संगणकावरील विनामूल्य चाचणीत एक उडती तबकडी सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकते. तिचा माग काढत काढलेल्या फोटोसाठी खाली शिडीसारख्या खुणांचा एक पट्टाही दाखवला जातो. पडद्यासमोर टेबलावर एक लांब, सरळ फळी पडद्याला समांतर ठेवावी आणि मोबाइल तिला टेकवून उभा सरकवता येईल असे करावे. कॅमेरा ‘प्रो’ पद्धतीत ठेवून फोकस बांधून टाकावा आणि शटरचा वेग १/१५ सेकंद ठेवावा, कारण ६० हर्ट्झला तेवढ्या काळात बरोबर ४ फ्रेम बसतात. अपूर्णांकातील फ्रेम आल्या तर मोजमाप बिघडते. मग तबकडीबरोबर मोबाइल सरकवत एकामागून एक पंधरा-वीस फोटो काढावेत. ज्या फोटोत शिडीच्या खुणा तिरक्या वा फुटलेल्या न दिसता सरळ जुळून आल्या असतील, त्यातच कॅमेऱ्याचा वेग बरोबर होता असे समजावे. बाकीचे फोटो बाजूला ठेवावेत. पहिल्या प्रयत्नांत एकही फोटो जमणार नाही, तेव्हा मुलांनी निराश होऊ नये; हाताला वेग सापडायला थोडा वेळ लागतोच.

निवडलेला फोटो मोठा करून तबकडीची उभी कड किती रुंदीत पसरली आहे ते मोजावे. पडद्यावरच्या ज्ञात रुंदीच्या एखाद्या आकृतीशी तुलना करून ती रुंदी पडद्याच्या पिक्सेलांत बदलावी आणि ९६० ने भागावी. ६० हर्ट्झला १६ पिक्सेलांच्या आसपास, म्हणजे १६.७ मिलिसेकंद उत्तर यायला हवे. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर ८ पिक्सेल, २४० हर्ट्झचा असेल तर ४. उत्तर याहून लक्षणीय मोठे आले, तर पिक्सेल मंद आहेत असे समजावे. व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) प्रकारच्या एलसीडीवर गडद छटांमध्ये असे पुष्कळदा होते आणि काळ्या वस्तूमागे ओघळ राहतो.

मोबाइलसुद्धा नको असेल, तर आणखी सोपा प्रयोग आहे. पडद्याच्या मध्यावर कागदाचा छोटा तुकडा चिकटवून नजर त्यावर घट्ट रोखावी आणि तबकडी त्याच्यामागून जाऊ द्यावी. मग तबकडीचा माग काढत पुन्हा पाहावे. पहिल्या वेळी तबकडी तुटक, एकापुढे एक ठसे उमटल्यासारखी जाते, दुसऱ्या वेळी ती सलग पण धूसर दिसते. पडद्याने दोन्ही वेळा तेच केले होते, फरक फक्त नजरेचा होता. प्रदर्शनातल्या फलकावर लिहावे असे वाक्य मुलांना येथेच सापडेल.

प्रश्न (कोल्हापूर) : क्रिकेटच्या सामन्यात वेगवान गोलंदाजाचा चेंडू लांबट शेपटासारखा दिसतो. १२० हर्ट्झचा महाग टीव्ही घेतल्यास तो गोल दिसेल का?

उत्तर : बहुधा नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. कॅमेऱ्याचे शटर १/५० सेकंद उघडे असेल, तर तेवढ्यात तो ७८ सेंटिमीटर पुढे जातो, आणि चेंडूचा व्यास जेमतेम ७ सेंटिमीटर असतो. हे शेपूट चित्रीकरणातच उमटलेले आहे. कोणताही पडदा ते काढू शकत नाही. शटर १/१००० सेकंद ठेवले तर चेंडू ४ सेंटिमीटरच सरकतो, पण त्यासाठी भरपूर प्रकाश लागतो. ओळखण्याची खूण अशी : दृश्य ‘पॉज’ करावे. थांबलेल्या चित्रातही शेपूट असेल तर ते कॅमेऱ्याचे. थांबताच रेखीव झाले तर ते पडद्याचे आणि डोळ्याचे.

प्रश्न (ठाणे) : माझ्या संगणकाच्या पडद्यावर धूसरपणा घालवण्याची एक सोय आहे. ती सुरू केली की हालचाल फार स्वच्छ दिसते, पण पडदा मंद होतो आणि तासाभराने डोके जड होते. वापरावी की नाही?

उत्तर : ही सोय म्हणजे जुन्या नळीच्या टीव्हीचेच तत्त्व आहे. मागचा दिवा सतत न ठेवता प्रत्येक फ्रेमला क्षणभर चमकवला जातो, म्हणजे शिक्का लगेच उचलला जातो. १२० हर्ट्झला एका फ्रेमचा काळ ८.३ मिलिसेकंद असतो. त्यात दिवा २ मिलिसेकंदच पेटला, तर फिसकाटा सुमारे चौथ्या हिश्शावर येतो आणि उजेडही चौथ्या हिश्शावर येतो. डोळा जलद चमकांची सरासरीच पाहतो, त्यामुळे मंदपणा अटळ आहे. खोक्यावर ‘१ मिलिसेकंद एमपीआरटी’ असे असेल, तर तो आकडा बहुधा ही सोय सुरू ठेवूनच मिळवलेला असतो.

लुकलुकणे जाणवेनासे होते ती मर्यादा माणसागणिक वेगळी असते आणि दृष्टीच्या कडेला ती अधिक वरची असते. ६० हर्ट्झला अशी चमक बहुतेकांना त्रास देते. १०० हर्ट्झच्या पुढे ती थेट दिसत नाही, तरी नजर एका जागेवरून दुसरीकडे झटकन नेताना उजळ वस्तूंच्या ठशांची माळ दिसू शकते, आणि काहींचे डोके दुखते. आपण त्यांपैकी असाल तर ही सोय लेखन-वाचनासाठी बंदच ठेवावी. खेळ खेळताना वापरायचीच असेल, तर पडद्याचा रिफ्रेश रेट शक्य तितका वाढवून वापरावी आणि खेळाच्या फ्रेमही तेवढ्याच वेगाने येत आहेत हे पाहावे; फ्रेम निम्म्या वेगाने आल्या तर प्रत्येक चित्र दोनदा चमकते आणि फिसकाट्याऐवजी कडा दुहेरी दिसतात.

दोन फ्रेममध्ये कल्पित फ्रेम भरणारी टीव्हीवरची सोय हा निराळा उपाय आहे. तिने उजेड कमी होत नाही आणि सामन्यांत ती उपयोगी पडते. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटाला मात्र ती मालिकेसारखा गुळगुळीतपणा आणते. २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी चित्रफीत काढून प्रेक्षकांना ती बंद करण्याची विनंती केली होती. चित्रपट पाहताना ती बंद करावी, आणि बातम्यांची पट्टी वाचताना डोळ्यांना बरे वाटत असेल तर खुशाल सुरू ठेवावी.